पडद्यांतला वीर आणि फडताळांतली मूर्ति

भाद्रपदांत ज्येष्ठा गौरी घरीं येतात. मराठवाड्यांत त्यांना महालक्ष्म्या म्हणतात. छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारी कागदोपत्रीं औरंगाबाद म्हणविणाऱ्या शहरांत, त्या तीन दिवसांत जुन्या वस्तींतील घरोघरीं देवींच्या पुढ्यांत आरास मांडलेली असते आणि ती पाहण्यासाठीं बायकामुलांची रीघ लागते. या आराशींत काय नसतें? ठकी असते, लाकडी पोळपाट-लाटणें असतें, मातीचीं फळें असतात, कचकड्याचीं बाळें असतात, मान डोलावणारा म्हातारा असतो, काचेच्या मण्यांचा मोर असतो, आणि एखादा पायाला चीर गेलेला चिनी मातीचा हत्तीहि असतो. हा सारा संसार वर्षाचे उरलेले दिवस जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावरच्या पेटींत निजलेला असतो. तो तीन दिवस उजेडांत येतो, आणि त्या तीनहि दिवसांत आजीबाईंचें एकच वाक्य घरभर ऐकूं येतें : "बाळा, डोळ्यांनीं पाहा, हात लावूं नकोस."

आतां अशाच एखाद्या घरांतली आंतली खोली पाहावी. तेथें नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर काचेचें दार असलेलें एक लहानसें फडताळ असतें, आणि त्यांत वीतभर उंचीचा एक शिपाई उभा असतो. त्याच्या अंगावर शेवाळी रंगाचें चिलखत आहे, हातांत जगांतल्या कोणत्याहि लष्करांत नसलेली बंदूक आहे, आणि डोक्यावर असें शिरस्त्राण आहे कीं, त्याच्या सोनेरी काचेमागें चेहरा आहे कीं नाहीं हेंच कळूं नये. हा नातू कांहीं लहान राहिलेला नाहीं. तो अभियांत्रिकी महाविद्यालयांत जातो. पण धाकट्या भावंडानें फडताळाकडे हात नेला रे नेला, कीं त्याच्या तोंडून आजीचेंच वाक्य बाहेर पडतें. फक्त 'बाळा' हा शब्द तेवढा गळलेला असतो.

वडील मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. "या बाहुल्याला एवढे पैसे? आणि खेळावयाचें नाहीं, तर घ्यावयाचें तरी कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तर 'पोरकटपणा' या एका शब्दांत देऊन मोकळें होतां येत नाहीं, कारण या वस्तूच्या मागें एक उद्योग आहे, एक कला आहे, आणि मराठवाड्याच्याच मातींत गाडलेली एक फार जुनी परंपराहि आहे.

प्रथम नांवाविषयीं. इंग्रजींत या वस्तूला 'ॲक्शन फिगर' म्हणतात आणि आपलीं मुलेंहि तेंच म्हणतात. मराठींत तिला बाहुला म्हणावें तर मुलांना राग येतो, पुतळा म्हणावें तर ती फार लहान पडते, आणि मूर्ति म्हणावें तर ती हातपाय हालविते. वीरमूर्ति हा शब्द त्यांतल्या त्यांत चालण्यासारखा आहे. बाहुल्याचा राग मराठी मुलांनाच येतो असें मात्र नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो या कंपनीनें मुलग्यांसाठीं बारा इंच उंचीचा एक शिपाई बाजारांत आणला. त्याचें नांव जी. आय. जो. त्याचे सांधे वळत, त्याला निरनिराळे पोशाख चढवितां येत, शस्त्रें वेगळीं विकत मिळत. म्हणजे सर्व दृष्टींनीं ती बाहुलीच होती. पण मुलगा बाहुलीशीं खेळणार नाहीं आणि बाप ती घेऊन देणार नाहीं, ही भीति विकणाऱ्यांना पडली. म्हणून त्यांनीं बाहुली हा शब्दच दुकानांतून हद्दपार केला आणि हें नवें नांव रूढ केलें. नांव बदललें आणि माल खपला.

पुढें या नांवाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. अमेरिकेंत आयात होणाऱ्या बाहुल्यांवर शेंकडा १२ जकात होती आणि इतर खेळण्यांवर शेंकडा ६.८. बाहुली म्हणजे काय? तर मनुष्याची प्रतिमा. तेव्हां 'एक्स-मेन' या चित्रकथेंतील अद्भुत शक्तींच्या वीरांच्या मूर्ति आयात करणाऱ्या कंपनीनें असा पवित्रा घेतला कीं, हे वीर मनुष्य नव्हेतच, म्हणून या बाहुल्या नव्हेत. २००३ सालीं तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानें तें म्हणणें मान्य केलें. गंमत अशी कीं, त्या चित्रकथेचा सारा विषयच मुळीं 'आम्हांलाहि माणूस म्हणा' असा आहे. चाहते हळहळले, कंपनीची जकात मात्र वांचली.

मूर्तीपेक्षां तिची कथा अधिक विकली जाते, हें व्यापाऱ्यांना उमगलें तें १९७७ सालीं. त्या वर्षीं मे महिन्यांत 'स्टार वॉर्स' हा चित्रपट निघाला आणि मुलांनीं त्यांतल्या पात्रांच्या मूर्तींसाठीं हट्ट धरला. केनर कंपनीजवळ माल तयार नव्हता. तेव्हां तिनें नाताळांत पुठ्ठ्याचें एक चित्रमय पाकीट विकलें. आंत खेळणें नव्हतें, तर पुढच्या वर्षीं चार मूर्ति टपालानें घरीं पाठवूं, असें कागदी वचन होतें! लोकांनीं तें पाकीट विकत घेतलें. आज तें रिकामें पाकीटहि संग्राहक शोधीत फिरतात.

आतां फडताळांतला शिपाई जेथून उतरला, त्या पडद्यावरील खेळाकडे वळावयास हवें. व्हिडिओ गेम हा प्रकार जन्मला तोच मुळीं आकाशांतील युद्धाच्या कल्पनेंतून. १९६२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें स्टीव्ह रसेल व त्याचे सोबती यांनीं कपाटाएवढ्या गणकयंत्राच्या वाटोळ्या पडद्यावर दोन ठिपकेवजा याने एकमेकांवर सोडलीं. खेळाचें नांव 'स्पेसवॉर'. १९७८ सालीं जपानच्या तोमोहिरो निशिकादो यानें 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. त्यांतले आकाशांतून उतरणारे शत्रु म्हणजे चौकटींच्या वहींत भरलेल्या कांहीं चौकटीच. अशा ठिपक्यांच्या मूर्ति कोण करणार आणि कोण घेणार? मूर्तीला देह लागतो, आणि पडद्यावरच्या वीराला तो हळूहळू मिळत गेला.

या देहाची एक कथा सांगण्यासारखी आहे. १९८६ सालीं निन्टेंडो या जपानी कंपनीनें 'मेट्रॉइड' नांवाचा खेळ काढला. त्यांतला चिलखती वीर परग्रहाच्या भुयारांतून एकटा लढत जातो. खेळणारीं मुलें त्याला अर्थातच पुरुष समजत. पण खेळ ठराविक वेळेच्या आंत संपविला, तर शेवटीं वीर आपलें शिरस्त्राण उतरवी, आणि आंत निघे एक तरुणी : सॅमस ॲरन. एवढे तास आपण कोणाच्या रूपानें लढत होतों, याचा त्या मुलांना बसलेला धक्का ती पिढी अद्याप आठवून सांगते.

शेवाळी चिलखताचा शिपाई त्यानंतरचा. २००१ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या यंत्राबरोबर 'हेलो' हा खेळ आला. त्याचा नायक मास्टर चीफ. पुढील काळांतल्या एका लष्करानें त्याला सहाव्या वर्षीं आईबापांपासून पळवून नेऊन शिपाई बनविलें आहे आणि त्याला नांवाऐवजीं क्रमांक दिला आहे. (ज्या मुलांना शिकवणीच्या वर्गाला जाण्यापूर्वीं आई दुधाचा पेला हातांत देते, त्यांना हा नायक इतका आपला कां वाटावा, हा एक स्वतंत्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे.) चिलखतासह तो सात फुटांच्या घरांत जातो. खेळांत त्याचा चेहरा धडपणें कधींच दाखविलेला नाहीं. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, हा खेळ खेळतांना खेळणाऱ्याला तो वीरच दिसत नाहीं. पडद्यावर दिसतात ते फक्त पुढें आलेले दोन हात आणि बंदूक, कारण खेळणारा त्या वीराच्या डोळ्यांनीं पाहत असतो. चित्रपटांतला नायक आपण समोर पाहतों. येथें नायकाच्या आंत शिरून जग पाहावयाचें.

वडील मंडळींच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. ज्याच्या देहांत शिरून त्या तरुणानें शाळकरी वयांत शेंकडों तास काढले, तो देह त्यानें नीटसा पाहिलेलाच नसतो. त्याची पाठ कशी आहे, चिलखताचे पत्रे खांद्यावर कसे बसतात, तो उभा कसा राहतो, हें सर्व बाजूंनीं फिरवून पाहण्याचें साधन म्हणजे ती मूर्ति. दुसरें असें कीं, पडद्यावरचा खेळ डोळ्यांना आणि कानांना भरभरून देतो, पण हातांना एक गुंड्यांचें यंत्र देऊन फसवितो. वजन, गारवा, खडबडीतपणा यांपैकीं हातांना कांहींच मिळत नाहीं. हाताची ही उपासमार मूर्ति भागविते; निदान भागवावी अशी अपेक्षा असते. कारखानदारांनींहि हें ओळखलें. २०११ मध्यें 'स्कायलँडर्स' आणि २०१४ मध्यें निन्टेंडोच्या 'अमीबो' मूर्ति निघाल्या. त्यांच्या बैठकींत एक लहानसा विद्युत्कण बसविलेला असतो, मूर्ति यंत्राशीं टेंकविली कीं तिची ओळख यंत्राला पटते आणि खेळांत कांहींतरी नवें घडतें. अमीबोंच्या पहिल्या तुकडींत सॅमसहि होती.

मूर्ति घडते कशी, हें पाहिल्याशिवाय तिच्या किंमतीचा हिशोब लागत नाहीं. खेळांतील वीराचें त्रिमित चित्र गणकयंत्रांत आधींच तयार असतें, परंतु तें जसेंच्या तसें ओतून चालत नाहीं. पडद्यावरच्या वीराच्या तलवारीला जाडी नसली तरी ती मोडत नाहीं, आणि त्याच्या गुडघ्याला सांधा नसला तरी तो वळतो. म्हणून शिल्पकार तें चित्र पुन्हा घडवितो, अंगाचे तुकडे पाडतो, प्रत्येक सांध्याला खोबण आणि गोळा देतो. मग पोलादाचा साचा कोरला जातो. साच्याचीं दोन अंगें असतात. तीं घट्ट मिटलीं, कीं वितळलेला प्लॅस्टिकचा दाणा मोठ्या दाबानें आंत शिरतो, थंड होतो, आणि साचा उघडतांच भाग बाहेर पडतो. कडक भागांसाठीं एबीएस आणि लवचिक भागांसाठीं पीव्हीसी वापरतात. डोळे, चिन्हें, अक्षरें रबरी ठशानें उमटवितात. खालच्या भागांवरची धूळ आणि डाग दाखविणारा रंग पुष्कळदां हातानें लावलेला असतो. मास्टर चीफच्या मूर्ति प्रथम एका लहान कंपनीनें काढल्या. २००८ पासून चित्रकथाकार टॉड मॅकफार्लेन यानें १९९४ सालीं स्थापिलेल्या कंपनीनें त्या काढल्या. खेळण्यापेक्षां शिल्प म्हणून पाहाव्या अशा मूर्ति करणें हेंच तिचें ब्रीद. कोणतीहि अशी मूर्ति उजेडांत तिरपी धरून तिच्या बरगडीवरून बोट फिरवावें. केसाएवढी एक रेघ लागते. साच्याचीं दोन अंगें जेथें मिळालीं, तिची ती खूण.

हीच रेघ संभाजीनगरच्या माणसाला फार जवळच्या ठिकाणीं पाहावयास मिळते. पैठण येथून अवघ्या पन्नास किलोमीटरांवर. सातवाहनांची ही राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेंत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, अशीं दोन व्यापारी नगरें सांगितलेलीं आहेत. पैठण, तेर, नेवासें, जालना जिल्ह्यांतील भोकरदन, या सर्व ठिकाणीं सातवाहनकालीन मातीच्या लहान मूर्ति सांपडल्या आहेत. केओलिन नांवाच्या पांढऱ्या चिकण मातीच्या त्या मूर्तींत वीतभराहून मोठी क्वचितच. त्यांच्या केसांची वेणी, गळ्यांतल्या माळा, कानांतलीं मोठालीं कुंडलें, सारें कांहीं टोंकदार सुईनें काढल्यासारखें स्पष्ट. आणि बरगडीपाशीं तीच रेघ! कारण त्यांतल्या उत्तम मूर्ति दुहेरी साच्याच्या आहेत. पुढच्या अर्ध्या साच्यांत मातीची पातळ पोळी दाबावयाची, मागच्या अर्ध्यांत दुसरी, दोन्ही अर्धीं ओलीं असतांनाच जोडावयाचीं, आणि भट्टींतल्या उष्णतेनें आंतली वाफ मूर्ति फोडूं नये म्हणून एक बारीक भोंक ठेवावयाचें. मूर्ति पोकळ, म्हणून हलकी. साचा एक, म्हणून मूर्ति अनेक. पोलादाच्या जागीं भाजलेली माती आणि प्लॅस्टिकच्या जागीं केओलिन घातलें, कीं आजच्या कारखान्याची युक्ति आणि गोदाकांठच्या त्या कुंभाराची युक्ति यांत तत्त्वाचा फरक उरत नाहीं.

या मूर्तींपैकीं कोणत्या देवघरांतल्या आणि कोणत्या खेळण्याच्या, याविषयीं पंडितांत एकमत नाहीं, आणि कदाचित् त्या काळच्या घरांतहि नसेल. पोळ्याला आपण पुजतों तो मातीचा बैल दुसऱ्या दिवशीं पोराच्या हातांत जातोच कीं. पण त्या मूर्ति दूर देशीं जात होत्या, एवढें नक्की. तेर येथें हस्तिदंताची एक सुंदर स्त्रीमूर्ति मिळाली. १९७३ च्या सुमारास नागपूर आणि मराठवाडा या विद्यापीठांनीं भोकरदन येथें उत्खनन केलें, तेव्हां तशाच घडणीच्या मूर्तीचा तुकडा तेथेंहि निघाला. आणि इटलींत, व्हेसुव्हियसच्या राखेखालीं इ. स. ७९ मध्यें गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरांत १९३८ सालीं हस्तिदंताची जी भारतीय मूर्ति सांपडली, जी आज नेपल्सच्या संग्रहालयांत आहे, तिचें या दोघींशीं बहिणी-बहिणींसारखें साम्य आहे. म्हणजे दूर देशाहून आलेली वीतभर मूर्ति घरांत कौतुकानें ठेवणारा मनुष्य दोन हजार वर्षांपूर्वीं रोमन साम्राज्यांत होता, आणि ती पाठविणारा बहुधा दख्खनचा होता. आज माल उलट दिशेनें येतो, एवढेंच.

येथें संग्राहक या प्राण्याविषयीं दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. लोक त्याला अर्धवट समजतात. तेरच्या मूर्ति आज पाहावयास मिळतात त्या गांवचे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नांवानें चाललेल्या शासकीय संग्रहालयांत. शेतांत, घराच्या पायांत, पांढरीच्या टेकाडांत जें जें निघे, तें तें या गृहस्थांनीं जमा केलें. पैठणासहि बाळासाहेब पाटील यांनीं असाच संग्रह केला आणि तो आज त्यांच्या नांवाच्या संग्रहालयांत आहे. ज्यांना आपण अर्धवट म्हणतों त्यांच्यापैकीं असे दोघे मराठवाड्यांत निपजले नसते, तर त्या केओलिनच्या सुंदऱ्या नांगराच्या फाळाखालीं केव्हांच चुरा होऊन गेल्या असत्या. तेव्हां जमविण्याच्या हौसेला सरसकट नांवें ठेवणें बरोबर नाहीं.

पण आजच्या संग्राहकांत एक पंथ असा निघाला आहे कीं, तो मूर्ति खोक्यांतून बाहेरच काढीत नाहीं. मोहोर न फुटलेल्या खोक्याला अधिक किंमत येते, म्हणून वस्तु खोक्यांत, खोकें दुसऱ्या पारदर्शक खोक्यांत, आणि तें कपाटांत! आजीबाईंची आरास निदान वर्षांतून तीन दिवस उजेडांत येते, शेजारपाजारच्या बायका ती पाहून जातात, कोणती ठकी कोणाच्या माहेरची हें सांगितलें जातें. खोकेवाल्याची मूर्ति त्यालाहि दिसत नाहीं. ज्या हातांची भूक भागविण्यासाठीं ती घडविली, ते हातच तिच्यापासून दूर ठेवणें हा व्यवहार शेअरबाजारांत शोभेल. त्याला खेळ म्हणूं नये आणि कलाप्रेमहि म्हणूं नये. पुष्कळ खोक्यांवर तर '१४ वर्षांवरील व्यक्तींसाठीं' असें छापलेलें असतें. याला कांहीं अंशीं कायदाहि कारण आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें झालें. मग जें खेळणें नव्हेच, तें मोठ्यांचें! एका देशांत जकातीसाठीं बाहुली बाहुली राहिली नाहीं, आणि दुसऱ्या देशांत खेळणें खेळणें राहिलें नाहीं.

शिवाय खोकें मूर्तीचें रक्षण करतें ही समजूतहि पुरती खरी नाहीं. पीव्हीसी लवचिक राहावें म्हणून त्यांत तेलासारखे पदार्थ मिसळलेले असतात. ते कालांतरानें पृष्ठभागावर येतात आणि मूर्ति चिकट होते. हवा खेळत नसलेल्या बंद जागेंत हा चिकटपणा अधिक सांचतो. संभाजीनगरच्या उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढें जातो. अशा वेळीं पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवलेल्या मूर्तीचे पाय वांकतात, तलवारी लवतात. खिडकीच्या उन्हांत एबीएसचा पांढरा भाग पिवळा पडतो. तेव्हां ज्यांना मूर्ति टिकवावयाची असेल त्यांनीं ती बाहेर काढावी, थेट ऊन लागणार नाहीं अशा हवेशीर फडताळांत ठेवावी, चिकट झाल्यास कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुवावी, आणि मऊ फडक्यानें कोरडी करावी. वांकलेली तलवार ऊन पाण्यांत धरून सरळ करावी आणि लगेच गार पाण्यांत बुडवावी. ती बहुधा सुधारते. दोन हजार वर्षें टिकण्याची गोष्ट मात्र प्लॅस्टिकला केओलिनपुढें बोलतां येणार नाहीं.

दिवाळींतल्या किल्ल्यावरचे मावळे या बाबतींत अगदीं वेगळे. ते कुंभाराकडून येतात, आळिवानें हिरव्या केलेल्या उतारावर उभे राहतात, एकाचा भाला मोडतो, दुसऱ्याचें नाक जातें, आणि मावळा किल्ल्याच्या दरवाजापेक्षां उंच आहे याची कोणासहि खंत नसते. देवगिरीसारखा किल्ला उशाशीं असलेल्या शहरांतील मुलांनींहि प्रमाणाची फिकीर केलेली नाहीं. परदेशी मूर्तींत हें प्रमाण मोठें काटेकोर. पावणेचार इंची मूर्ति म्हणजे माणसाचा अठरावा हिस्सा, आणि वाहनें, बंदुका सर्व त्याच हिशोबानें.

हें सारें परदेशांतच घडतें आणि आपण केवळ विकत घेतों, असें मात्र कोणीं समजूं नये. १९८७ सालीं एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनीं मिळून फनस्कूल ही कंपनी काढली. तिचा कारखाना गोव्यांत आहे. तिनें भारतांत केलेल्या जी. आय. जो.च्या मूर्तींवर शेंकडों भारतीय मुलें वाढलीं. साचे अमेरिकेचे, पण रंग येथले. कधीं एकाचें धड आणि दुसऱ्याचें डोकें! त्या काळीं तो हलका माल समजला गेला. आज नेमक्या त्या वेगळेपणासाठीं अमेरिकेंतले संग्राहक या भारतीय मूर्ति शोधून शोधून घेतात.

साचे येथें होऊं शकत नाहींत काय? या शहराला तरी हा प्रश्न पडूं नये. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्यें आला, त्याच्यामागून सुटे भाग करणारे शेंकडों लहानमोठे कारखाने आले, आणि त्यांत प्लॅस्टिकचे भाग ओतणाऱ्यांची संख्या थोडीथोडकी नाहीं. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था आहे. तेथें मुलें साचे आंखावयास आणि पोलादांत कोरावयास शिकतात. दुचाकीच्या दिव्याची चौकट केसाच्या जाडीइतक्या अचूकपणें ओतणाऱ्या शहराला चिलखताचा खांदा ओततां येणार नाहीं असें म्हणणें हास्यास्पद आहे. परदेशी खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्यें शेंकडा २० वरून ६० आणि २०२३ मध्यें ७० केली गेली, तेव्हां बाजारहि कांहीं अंशीं मोकळा झाला. उणीव साच्याची नाहीं. उणीव आहे ती वीराची. ज्याच्या देहांत शिरून मुलांनीं शेंकडों तास काढले आहेत, असा आपला वीर असल्याशिवाय त्याची मूर्ति कोणी विकत घेणार नाहीं, मग ती कितीहि स्वस्त असो. कथा आधीं आणि साचा मागून, हा क्रम केनर कंपनीच्या रिकाम्या पाकिटानें १९७७ सालींच दाखवून दिला आहे.

त्या दिशेनें पहिलें पाऊल पुण्यांत पडलें आहे. तेथील सुपरगेमिंग या कंपनीनें २०२४ च्या ऑक्टोबरांत 'इंडस' हा खेळ काढला. त्यांतलें जग पुढील काळांतलें, परग्रहावरचें; पण त्यांतल्या इमारतींचीं वळणें, पात्रांचीं आभरणें, 'सर-ताज', 'बिग-गज' अशीं त्यांचीं नांवें, हीं भारतीय कल्पनेंतून घेतलेलीं. नांवांतला हा इंग्रजी-देशी सांकव कानाला खटकतो खरा, परंतु तो तात्पुरता समजून पुढें जावें. पैठणच्या मूर्तींतलीं तीं कुंडलें, त्या वेण्या, तो फेट्यासारखा बांधलेला केशसंभार, हें सारें अद्याप कोणत्याहि चित्रकारानें परग्रहावर नेलेलें दिसत नाहीं.

आणि पोलादाचा साचा महाग पडतो म्हणून हात बांधून बसण्याचेंहि कारण राहिलेलें नाहीं. आतां महाविद्यालयांतील मुलें त्रिमित छपाईच्या यंत्रावर मूर्तीचा पहिला नमुना घरच्या घरीं काढतात. तो नमुना एका लहान डबींत अर्धा मऊ मातींत रुतवितात, वरून सिलिकोन रबर ओततात, तें घट्ट झालें कीं डबी उलटवून माती काढतात, आणि दुसऱ्या बाजूनें पुन्हा रबर ओततात. दोन्ही अर्धीं उघडून नमुना काढला कीं साचा तयार. त्यांत राळेसारखें रेझिन ओतून पंचवीस-तीस मूर्ति सहज निघतात. मग रबर फाटूं लागतें आणि नवा साचा करावा लागतो. निघालेल्या मूर्तीच्या बरगडीवर रेघ उमटतेच. ती बारीक पॉलिशकागदानें घांसावी लागते, आणि एका मूर्तीला त्यासाठीं साधारण अर्धा तास पुरतो.